‘वेल डन’ आणि ‘शाबास’ : प्रशंसादर्शक शब्दांचा अर्थ, उगम आणि शब्दजातिविचार

१. प्रास्ताविक

मराठीच्या शालेय व्याकरणात केवलप्रयोगी अव्ययांचा पाठ सर्वांत शेवटी येतो आणि बहुधा सर्वांत घाईने संपविला जातो. हर्षदर्शक, शोकदर्शक, आश्चर्यदर्शक, प्रशंसादर्शक अशी वर्गवारी सांगायची, प्रत्येक वर्गाखाली चारपाच शब्द द्यायचे आणि पुढे जायचे, अशी त्याची रीत आहे. प्रशंसादर्शक गटात ‘शाबास, भले, वाहवा, छान, ठीक, फक्कड, खाशी’ असे शब्द एका ओळीत येतात. इंग्रजी-मराठी कोश उघडला, तर ‘वेल डन’ या इंग्रजी शब्दबंधासमोर यांपैकीच एकदोन शब्द, विशेषतः ‘शाबास’, पर्याय म्हणून दिलेले आढळतात. परिणामी वाचकाची समजूत अशी होते की हे सर्व शब्द एकाच अर्थाचे असून त्यांच्यात फार तर जोराचा किंवा शैलीचा फरक आहे.

ही समजूत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रशंसेच्या प्रत्येक शब्दामागे प्रशंसेची एक कल्पना असते. काही शब्द झालेल्या कामाला उद्देशून असतात, तर काही ते काम करणाऱ्या माणसाला. काही शब्द वरून खाली येतात, काही खालून वर जातात, तर काही बरोबरीने उच्चारले जातात. हा भेद शब्दाच्या व्युत्पत्तीत दिसतो, आणि व्युत्पत्ती विस्मरणात गेल्यावरही तो वाक्यरचनेत व व्यवहारात टिकून राहतो, असे येथे दाखवावयाचे आहे. त्यासाठी प्रथम इंग्रजी ‘वेल’ या क्रियाविशेषणाचा, नंतर ‘शाबास’चा विचार करू. त्यानंतर देहू, चाकण, देहूरोड आणि पिंपरी या परस्परांजवळच्या चार ठिकाणी प्रशंसेचे चार शब्द कोणत्या सामाजिक संदर्भात नांदले, ते पाहू.

२. ‘वेल’ : कृतीचे विशेषण

‘वेल डन’ या शब्दबंधात ‘वेल’ हे क्रियाविशेषण असून ‘डन’ हे ‘करणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित आहे. शब्दशः अर्थ ‘चांगले केलेले’ असा होतो. या रचनेत कर्ता नाही. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘तो’ यांपैकी कोणाचीही खूण तिच्यात उरलेली नाही. प्रशंसा आहे ती कृतीच्या रीतीची. ती ऐकणाऱ्याला पोहोचते खरी, परंतु कृतीच्या द्वारे पोहोचते. म्हणूनच हा शब्दबंध मुलाला, सहकाऱ्याला, खेळाडूला अथवा संपूर्ण संघाला उद्देशून, रूपात काहीही बदल न करता वापरता येतो.

‘वेल’चे मूळ प्राचीन इंग्रजीतील ‘वेल’ या रूपात असून अभ्यासक त्याचा संबंध ‘इच्छिणे, निवडणे’ या अर्थाच्या इंडो-युरोपीय धातूशी जोडतात. इंग्रजीतील ‘विल’ हे इच्छावाचक क्रियापद त्याच कुळातले. संस्कृतातील ‘वृ’ म्हणजे निवडणे हा धातू आणि त्यापासून झालेला ‘वर’ हा शब्दही त्याच कुळात धरले जातात. ‘वर’ म्हणजे निवडलेला, म्हणून श्रेष्ठ; मागून मिळते ते ‘वर’दान आणि कन्या निवडते तो ‘वर’, हे अर्थ आपल्या परिचयाचे आहेत. मराठीतील ‘बरा’ हे विशेषण ‘वर’पासून आले असे सामान्यतः मानले जाते. आद्य ‘व’चा ‘ब’ होणे हा मराठीतील नियमित ध्वनिबदल नव्हे, ही अडचण लक्षात ठेवावयास हवी. परंतु ही व्युत्पत्ती मान्य केली, तर ‘बरे केलेस’मधील ‘बरे’ आणि ‘वेल डन’मधील ‘वेल’ हे दूरचे नातलग ठरतात. रचनेच्या दृष्टीनेही ‘वेल डन’ला मराठीत खरी जोड ‘बरे केलेस’ हीच आहे, ‘शाबास’ नव्हे. फरक इतकाच की मराठी क्रियापद ‘केलेस’मधील ‘स’ या प्रत्ययाने कर्त्याला पुन्हा वाक्यात आणते; इंग्रजीत तो बाहेरच राहतो.

इंग्रजीत प्रशंसेचा दुसरा प्रसिद्ध शब्द ‘ब्राव्हो’ हा आहे. तो इटालियन भाषेतून संगीतिकांच्या रंगमंचावरून अठराव्या शतकात इंग्रजीत रुळला. मूळ इटालियनमध्ये हे विशेषण आहे आणि ज्याची प्रशंसा करावयाची त्याच्या लिंगवचनानुसार ते बदलते : गायकाला ‘ब्राव्हो’, गायिकेला ‘ब्राव्हा’, अनेकांना ‘ब्राव्ही’. इंग्रजीने पुल्लिंगी एकवचनी रूप उचलले आणि गोठवून टाकले. माणसाशी मेळ राखणारा शब्द अशा रीतीने अव्यय बनला. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हे उदाहरण महत्त्वाचे आहे, कारण ‘शाबास’च्या बाबतीतही गोठण्याची अशीच एक क्रिया घडली आहे, मात्र तेथे गोठले ते विशेषण नसून क्रियापद आहे.

३. ‘शाबास’ची व्युत्पत्ती

‘शाबास’ हा शब्द फारसी ‘शाबाश’चे मराठी रूप होय आणि ‘शाबाश’ हा ‘शाद बाश’ या दोन शब्दांचा संकोच आहे. ‘शाद’ म्हणजे आनंदी. प्राचीन फारसीत ‘शियाति’ हा आनंदवाचक शब्द हखामनी राजांच्या शिलालेखांतून आढळतो. ‘शाद’ त्याच घराण्यातला. भारतात विवाह या अर्थी रूढ झालेल्या ‘शादी’चा मूळ अर्थ आनंद असाच आहे, आणि जुन्या मराठी लेखनात विजयाच्या किंवा मंगल प्रसंगी वाजणारे ‘शादियाने’ही याच शब्दाचे अपत्य होत. ‘बाश’ हे ‘असणे, होणे’ या अर्थाच्या ‘बूदन’ या फारसी क्रियापदाचे आज्ञार्थी रूप आहे. ‘बूदन’ आणि संस्कृत ‘भू’ हे सजातीय धातू होत. हिंदीतून आपल्या कानी पडणारा ‘बाशिंदा’ म्हणजे रहिवासी हा शब्दही ‘बाश’ या अंगापासूनच सिद्ध झाला आहे. तेव्हा ‘शाद बाश’ याचा अर्थ ‘आनंदी हो’, ‘सुखी राहा’ असा होतो. शहा म्हणजे राजा या शब्दाशी ‘शाबास’चे जे ध्वनिसाम्य आहे ते केवळ वरवरचे असून त्यावरून व्युत्पत्ती लावणे योग्य नव्हे.

येथे तीन गोष्टी नोंदविण्यासारख्या आहेत. पहिली अशी की हा शब्द मुळात शब्द नसून वाक्य आहे, आणि तेही विधान करणारे नव्हे तर आशीर्वाद देणारे. त्यात केलेल्या कामाचा उल्लेखच नाही. ‘चांगले’, ‘उत्तम’, ‘योग्य’ अशा मूल्यवाचक शब्दाचाही त्यात मागमूस नाही. काम पाहून बोलणारा प्रसन्न होतो आणि कामाविषयी काही न बोलता करणाऱ्याचे भले चिंतितो.

दुसरी गोष्ट वचनाची. ‘बाश’ हे एकवचनी, म्हणजे आपल्या ‘तू’शी जुळणारे रूप आहे. आदरार्थी अथवा अनेकवचनी संबोधनासाठी फारसीत ‘बाशीद’ असे रूप होते. शब्द गोठला तो एकवचनी रूपात.

तिसरी गोष्ट ध्वनीची. हिंदी-उर्दूत दोन्ही शकार टिकून ‘शाबाश’ राहिले. मराठीत अंत्य ‘श’चा ‘स’ झाला. एकाच शब्दात दोन सारखे ऊष्म वर्ण आल्यामुळे त्यांतील एक वेगळा झाला असावा, असे विषमीकरणाच्या तत्त्वानुसार म्हणता येईल. बोलीत ‘शाब्बास’ असे द्वित्वही होते. ‘वा’चे ‘व्वा’ होते, त्याच जातीचे हे भावनेच्या आघाताने आलेले द्वित्व आहे.

मराठीने या शब्दावर स्वतःचा प्रत्ययही चढविला. ‘शाबासकी’ हे भाववाचक नाम हिंदीतील ‘शाबाशी’हून वेगळ्या रीतीने बनले आहे. ‘की’ हा प्रत्यय मराठीत सहसा माणसाचे पद, नाते किंवा माणूसपण सांगणाऱ्या शब्दांना लागतो : पाटीलकी, भाऊबंदकी, माणुसकी. ‘शाबासकी’ही या पंक्तीत बसली. ती दिली जाते, मिळते, मिळवावी लागते आणि तिची ‘थाप’ पाठीवर पडते. ‘छान’, ‘ठीक’, ‘फक्कड’ यांपासून असे देण्याघेण्याचे नाम झालेले नाही, ही बाब अर्थपूर्ण आहे.

माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे भाषाशुद्धीच्या चळवळीचाही हिरिरीने पुरस्कार केला. त्या चळवळीने कचेरीतील आणि छापील मजकुरातील अनेक यावनी शब्दांना पर्याय दिले. शिवकालात ‘राज्यव्यवहारकोशा’ने राजकारभारातील शब्दांच्या बाबतीत तेच केले होते. परंतु आईच्या, गुरुजींच्या आणि वस्तादाच्या तोंडचे ‘शाबास’ जागचे हलले नाही. कारभाराची भाषा आज्ञेने बदलते. उद्गाराची भाषा तशी बदलत नाही.

४. शब्दजातीचा प्रश्न

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत मराठीच्या शब्दजातींची चर्चा पुष्कळ झाली. तथापि शाळेपर्यंत पोहोचली ती आठ शब्दजातींची चौकट. वाक्याशी व्याकरणिक संबंध नसलेला आणि भावना व्यक्त करणारा तो केवलप्रयोगी, अशी तीमधील व्याख्या. ‘शाबास’ आणि ‘छान’ हे दोन्ही शब्द या व्याख्येत बसतात, म्हणून ते शेजारी ठेवले गेले. पण त्यांचे वर्तन एकसारखे आहे काय? पुढील चार कसोट्या लावून पाहता येतील.

पहिली कसोटी क्रियापदाच्या विशेषणाची. ‘तिने गाणे छान म्हटले’ हे वाक्य शुद्ध आहे. ‘तिने गाणे शाबास म्हटले’ हे मराठी नव्हे. ‘छान’, ‘ठीक’, ‘उत्तम’, ‘फक्कड’ हे शब्द क्रियाविशेषण म्हणूनही चालतात आणि उद्गार म्हणूनही. ‘शाबास’ क्रियाविशेषण होऊच शकत नाही.

दुसरी कसोटी सचेतन कर्त्याची. ‘छान पाऊस पडला’ असे आपण म्हणतो. पाऊस पडल्यावर ‘शाबास!’ असे म्हटले, तर म्हणणारा पावसाला माणूस समजून बोलतो आहे असे वाटते. ‘हे यंत्र छान चालते’ म्हणता येते; यंत्राला ‘शाबास’ म्हणणे हा लाडिकपणा ठरतो. ‘शाबास’ला ऐकणारा हवा, निदान कल्पनेत तरी हवा.

तिसरी कसोटी षष्ठीची. ‘शाबास तुझी!’, ‘शाबास आहे तिच्या धीराची!’ अशा रचना मराठीत सहज होतात. ‘छान तुझी’ होत नाही. ज्या शब्दाचा वाक्याशी संबंध नाही असे व्याख्या सांगते, तो येथे षष्ठ्यन्त पदाशी संबंध जोडून बसला आहे. ‘कमाल’, ‘शर्थ’ या स्त्रीलिंगी नामांच्या धर्तीवर ‘शाबास’लाही भाषेने नामासारखे वागविले आहे.

चौथी कसोटी आदराची, आणि ती सर्वांत निर्णायक आहे. गुरुजी विद्यार्थ्याला ‘शाबास’ म्हणतात. विद्यार्थ्याने गुरुजींना ‘शाबास’ म्हटले तर तो उद्धटपणा होतो. सुनेने सासूला, मुलाने वडिलांना, कारकुनाने साहेबांना ‘शाबास’ म्हणण्याचा प्रघात नाही. त्यांना ‘छान झाले’ म्हणता येते, ‘धन्य आहात’ म्हणता येते. ‘सुखी हो’, ‘औक्षवंत हो’, ‘विजयी हो’ हे आशीर्वाद ज्या दिशेने जातात त्याच दिशेने ‘शाबास’ जाते. ‘शाद बाश’मधील आज्ञार्थ आणि ‘तू’ यांची जाणीव आज कोणालाही नाही. तरीही त्यांनी आखलेली मर्यादा पाळली जाते. शब्द शिकताना माणूस केवळ अर्थ शिकत नाही. तो कोणी कोणाला म्हणावा हेही शिकतो. पिढ्यान्‌पिढ्या अशा रीतीने प्रसंगासह शब्द पोहोचल्यामुळे व्युत्पत्ती विसरूनही तिचे शील टिकले असावे.

यास अपवाद दाखविता येतील. कुस्तीच्या फडात प्रेक्षक मल्लाला ‘शाबास’ म्हणतात, शाहिराला श्रोते ‘भले शाबास’ अशी दाद देतात. येथे बोलणारा वयाने लहान असू शकतो. परंतु फडातील जनसमुदाय हा त्या क्षणापुरता आश्रयदाता असतो; कुस्तीचे इनाम आणि शाहिराची बिदागी त्याच्याच हातून जाते. म्हणजे दिशा येथेही बदलत नाही. उपरोधाने म्हटलेले ‘शाबास! एवढेच राहिले होते’ हे वाक्यही ज्याला दोष देण्याचा अधिकार आहे त्याच्याच तोंडी शोभते.

‘भले शाबास’ या जोडीचा येथेच विचार करावयास हवा. ‘भला’ हे विशेषण संस्कृत ‘भद्र’, प्राकृत ‘भल्ल’ या मार्गाने आले. ‘भले’ हे जुन्या मराठीतील ‘भलें’ या नपुंसकलिंगी एकवचनाचे रूप आहे. नपुंसकलिंगी एकवचन क्रियाविशेषणासारखे वापरण्याची ही पद्धत थेट संस्कृतातून चालत आली आहे. ‘साधु’ हे संस्कृत विशेषणही नपुंसकलिंगी रूपात ‘चांगल्या रीतीने’ या अर्थी क्रियेला जोडले जाते आणि एकटे असताना प्रशंसेचा उद्गार होते. म्हणजे ‘साधु’, ‘भले’, ‘बरे’ आणि इंग्रजी ‘वेल’ ही मालिका कृतीच्या रीतीवरून प्रशंसेकडे जाते, तर ‘शाबास’ व्यक्तीवरून. बाजारहाट, धनदौलत, कागदपत्र या जोडशब्दांत जसे देशी व परदेशी समानार्थी शब्द एकत्र आले, तसेच ‘भले शाबास’मध्येही आले. पण ही निव्वळ द्विरुक्ती नव्हे : ‘भले’ने काम वाखाणले जाते आणि ‘शाबास’ने काम करणारा.

५. एका भूभागातील चार शब्द

शब्दांचे हे स्वभावभेद केवळ व्याकरणात राहत नाहीत. ते समाजात जागा धरतात. पुण्याच्या वायव्येस व उत्तरेस, इंद्रायणी-पवनेच्या परिसरात, आज पिंपरी-चिंचवड व चाकण या नावांनी ओळखला जाणारा औद्योगिक पट्टा आहे. त्यातील चार स्थळांच्या आधारे चार शब्द पाहता येतील.

पहिला शब्द ‘धन्य’, आणि स्थळ देहू. ‘धन्य’ हा शब्द ‘धन’पासून झाला असून पाणिनीय परंपरेनुसार त्याचा अर्थ ‘धन मिळविणारा’ असा होतो. तेथून भाग्यवान आणि पुढे स्तुत्य असा अर्थविस्तार झाला. वारकरी संतांनी या शब्दाचा पाया बदलला. तुकोबांच्या घरी महाजनकी व सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळाने घर बसले आणि पुढे आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. धनाच्या नावाने घडलेला शब्द धन सोडणाऱ्याला लावला जावा, हा अर्थपरिवर्तनाचा विलक्षण नमुना होय. ‘धन्य’ची दिशा खालून वर आहे. म्हणणारा स्वतःला लहान समजतो आणि ज्याला म्हणतो त्याच्याकडे पाहून हात जोडतो. ‘धन्य’ने पाठ थोपटली जात नाही.

दुसरा शब्द ‘शाबास’, आणि स्थळ चाकण. १६६० साली शायिस्तेखानाने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याने तो छोटा भुईकोट सुमारे दोन महिने झुंजविला; शेवटी सुरुंगाने बुरूज उडाल्यावर किल्ला पडला. फिरंगोजीच्या शौर्यावर प्रसन्न होऊन खानाने त्याला मोगली चाकरी देऊ केली आणि त्याने ती नाकारली, असे इतिहासकार सांगतात. खानाने नेमके कोणते शब्द उच्चारले, हा येथे प्रश्न नाही. प्रशंसेला चाकरी जोडलेली होती, हे महत्त्वाचे. फारसी दरबारी संस्कृतीत प्रशंसेबरोबर खिलत, इनाम, बक्षीस येत असे. फारसीत खुद्द ‘शाबाश’ या शब्दाला लग्नप्रसंगी उधळावयाचे द्रव्य असाही अर्थ आहे. वरिष्ठाने ‘आनंदी हो’ म्हणावे आणि आनंदी होण्याचे साधनही हाती ठेवावे, अशी ती रीत. म्हणूनच शाबासकी स्वीकारणे म्हणजे एका अर्थी देणाऱ्याचे वडीलपण मान्य करणे होते. फिरंगोजीच्या नकाराचे वजन येथे कळते : शत्रूने केलेला गौरव त्याने ऐकून घेतला, पण त्याचे धनीपण पत्करले नाही. ‘नुसत्या शाबासकीने पोट भरत नाही’ ही आपल्याकडील तक्रारही याच जुन्या संकेतातून आली आहे. तिचा रोख शब्दावर नसून शब्दासोबत जे यावयास हवे होते ते आले नाही, यावर असतो.

तिसरा शब्द ‘साधु’, आणि स्थळ देहूरोड. संस्कृतातील हे प्रशंसावाचक क्रियाविशेषण मराठीत त्या अर्थाने उरले नाही. ‘साधू’ हे मराठीत नाम झाले, विरक्त पुरुषाचे वाचक झाले. क्रियेचे चांगलेपण सांगणारा शब्द माणसाच्या एका वर्गाला चिकटला. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोड येथील विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरचे धर्मांतर त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाले. बौद्ध विहारांतून वंदनेच्या अखेरीस उपासक-उपासिका एकस्वराने ‘साधु! साधु! साधु!’ असे म्हणतात. मराठीने गमावलेला प्रशंसार्थक ‘साधु’ पालीच्या वाटेने, आणि तोही ज्यांना शतकानुशतके प्रशंसेच्या भाषेबाहेर ठेवले गेले त्यांच्या मुखातून, मराठी प्रदेशात पुन्हा ऐकू आला. या शब्दाची दिशा वरून खाली नाही आणि खालून वरही नाही. समुदायाने एकत्र म्हणावयाचा तो संमतीचा उद्गार आहे. बौद्ध परंपरेत दुसऱ्याच्या सत्कृत्याने आनंदित होण्याला ‘अनुमोदन’ म्हणतात. ‘अनु’ म्हणजे मागोमाग, सोबत आणि ‘मुद्’ म्हणजे आनंदणे. सभेत ठरावाला दुजोरा देणे इतकाच अर्थ आज आपण या शब्दाचा करतो. पण त्याचे पोट ‘शाद बाश’सारखेच आनंदाचे आहे. भेद असा की ‘शाद बाश’ म्हणणारा ‘तू आनंदी हो’ म्हणतो आणि अनुमोदन करणारा ‘तुझ्या आनंदात मीही आहे’ असे म्हणतो.

चौथा शब्द ‘ओके’, आणि स्थळ पिंपरी. देहूरोडच्या बुद्धमूर्तीची स्थापना झाली त्याच १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिन तयार करण्यासाठी ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहू लागला. १९६० नंतर औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती झाल्या, पिंपरी, आकुर्डी, भोसरी येथे वाहने व सुटे भाग यांचे कारखाने आले, आणि पुढे हा पसारा चाकणपर्यंत गेला. कोकण, मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर हिंदुस्थान येथून आलेल्या कामगारांच्या बोली या पट्ट्यात एकत्र नांदतात. या सर्वांचा समाईक प्रशंसाशब्द ‘ओके’ हा आहे. १८३९ साली बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात ‘ऑल करेक्ट’ या शब्दांच्या मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरे म्हणून तो छापला गेला. ‘सर्व बरोबर’ हा त्याचा मूळ अर्थ कारखान्यात अगदी काटेकोरपणे जपला जातो. तयार झालेला ‘जॉब’ गेजला लावून पाहावयाचा. मापात असला तर ‘ओके’, नसला तर ‘रिजेक्ट’. ‘ओके’ म्हणजे चांगले नव्हे. ‘ओके’ म्हणजे दोष नाही. आपला ‘बरोबर’ हा शब्दही फारसी असून त्याचा मूळ अर्थ ‘छातीस छाती’, म्हणजे समसमान असा आहे. ‘ओके’ही वस्तूची मापाशी अशीच बरोबरी सांगतो.

येथे ‘वेल डन’पासून सुरू झालेला प्रवास टोकाला पोहोचतो. ‘वेल डन’मध्ये कर्ता गळला होता, परंतु ‘करणे’ शिल्लक होते. ‘ओके’मध्ये करणेही गळून केवळ वस्तू उरली. लेथवर प्रथमच काम करणाऱ्या आयटीआयच्या मुलाचा पहिला जॉब मापात उतरतो, तेव्हा तपासनीस ‘ओके’ म्हणतो आणि जवळ उभा असलेला जुना कारागीर ‘शाबास’ म्हणतो. हे दोन्ही उद्गार एकाच क्षणी, एकाच कामाविषयी निघाले असले तरी ते समानार्थी नाहीत. पहिला जॉबला उद्देशून आहे, दुसरा मुलाला. पहिल्यावाचून माल बाहेर जाणार नाही, हे खरे. पण दुसऱ्यावाचून मुलगा कारागीर होईल काय, हा प्रश्न व्याकरणाच्या कक्षेबाहेरचा असला तरी व्याकरणानेच तो आपल्यापुढे आणला आहे.

६. अनुवाद आणि अध्यापन

या विवेचनातून अनुवादकाला आणि अध्यापकाला काही सूचना मिळतात. इंग्रजी कथेत मुलगी आपल्या वृद्ध पित्याला ‘वेल डन’ म्हणते, तेथे ‘शाबास, बाबा!’ असे भाषांतर केल्यास इंग्रजीत नसलेला अवखळपणा मराठीत येतो. मूळ प्रसंग गंभीर असेल तर ‘छान केलेत’ किंवा ‘बरे केलेत’ हेच योग्य. उलट मराठी कथेतील आजोबांचे ‘शाबास’ इंग्रजीत ‘वेल डन’ने पोहोचत नाही, त्यातील आशीर्वाद वाटेत गळतो. अशा वेळी तो अन्य रीतीने, संबोधनातून किंवा कृतीच्या वर्णनातून, भरून काढावा लागतो. पाठीवरच्या थापेचे वर्णन मराठी लेखक अनेकदा शब्दाच्या जोडीला देतो, ते अलंकरण म्हणून नव्हे. ती त्या शब्दाच्या अर्थाचीच बाजू आहे.

वर्गात केवलप्रयोगी अव्ययांची यादी पाठ करून घेण्याऐवजी वर दिलेल्या चार कसोट्या विद्यार्थ्यांकडूनच लावून घ्याव्यात. औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयांत विविध बोलींचे विद्यार्थी एकाच बाकावर असतात. ‘लय भारी’, ‘एक नंबर’, ‘जबरी’, ‘कडक’ हे त्यांचे शब्द याच कसोट्यांनी तपासता येतील. ‘एक नंबर काम केलं’ असे म्हणता येते, ‘एक नंबर तुझी’ म्हणता येत नाही. म्हणजे हा शब्द ‘छान’च्या बाजूचा, ‘शाबास’च्या नव्हे. मित्राला आणि मोठ्या भावालाही तो म्हणता येतो, म्हणजे त्याला वडीलपणाची अट नाही. नव्या शब्दांकडे नाक मुरडण्यापेक्षा त्यांनी कोणती जागा घेतली आणि कोणती मोकळी ठेवली, हे पाहणे अधिक फलदायी आहे. मोकळी राहिलेली जागा कोणती, तर वडीलधाऱ्याच्या आशीर्वादाची. ती अद्याप ‘शाबास’कडेच आहे.

७. समारोप

प्रस्तुत विवेचनातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे मांडता येतील.

एक, प्रशंसादर्शक म्हणून एकत्र दिले जाणारे मराठी शब्द दोन वेगळ्या मुळांतून आले आहेत. ‘साधु’, ‘भले’, ‘बरे’, ‘छान’ हे कृतीचे वा वस्तूचे गुण सांगणारे शब्द असून इंग्रजी ‘वेल’ त्यांच्या जातीचा आहे. ‘शाबास’ आणि ‘धन्य’ हे व्यक्तीला उद्देशून आहेत.

दोन, ‘शाबास’ हे मुळात ‘आनंदी हो’ असे आशीर्वादात्मक वाक्य आहे. क्रियाविशेषण होण्यास त्याचा असलेला नकार, सचेतन व्यक्तीची त्याला लागणारी गरज, षष्ठीशी त्याचा होणारा संबंध आणि वडीलधाऱ्यांना तो न म्हणण्याचा संकेत या चारही गोष्टी त्या उगमाशी सुसंगत आहेत.

तीन, या शब्दांच्या दिशा भिन्न आहेत : ‘शाबास’ वरून खाली, ‘धन्य’ खालून वर, ‘साधु’ बरोबरीने. ‘ओके’ला दिशाच नाही, कारण त्यापुढे माणूस उभा नसतो.

चार, म्हणून केवलप्रयोगी अव्ययांच्या अध्यापनात ‘कोणती भावना’ या प्रश्नाबरोबरच ‘कोणी, कोणाला, कशाविषयी’ हे तीन प्रश्न विचारले जाणे आवश्यक आहे.

व्याकरणाच्या पुस्तकात शेवटच्या पानावर ढकललेल्या या शब्दजातीत समाजाच्या देण्याघेण्याचा आणि मानापमानाचा बराच इतिहास साठलेला आहे. ज्या पट्ट्यात दिवसातून असंख्य वेळा वस्तूला ‘ओके’ मिळते, तेथे माणसाला ‘शाबास’ किती वेळा मिळते, याची मोजणी भाषाभ्यासकाने करावयाची नाही. हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत, एवढे मात्र त्याने स्पष्टपणे सांगितले पाहिजे.